सुमनताई बोलून राहिली

९ ऑक्टोबर २०१२

ही डायरी मागच्या सालाची हाय. गयासुद्दीन चाचाच्या छापखान्यात पडून होती. तारीख जुयते तं वार जुयत नाई, म्हनून कोनी घेतली नाई. शेखरनं घरी आनली. मी माह्या नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाई, पन अठी कोन पाह्यते.

आवाज घेनाऱ्या कंपनीच्या मॅडमनं सांगतलं, रोज उलीसं लिवत जा, मंग थेच मोठ्यानं वाचत जा, जीभ मोकयी होते. मी सातवीपर्यंत शिकली, मंग शाया सुटली. चिंगी मांडीवर हाय आन पेन वढून राहिली. दिवाईत तिले वर्स होईन.

गोठ अशी झाली. चाचा बगीचावाल्या लोकायसाठी दर हप्त्याले एक कागद छापतात. संत्र्याचा भाव, आभाळाचा अंदाज, कोनती फवारनी, पानी कवा द्याचं. सकायच्या पयल्या यष्टीनं थो वलगावले जाते, नांदगावले जाते. शेखर त्याच मशीनवर हाय, लग्नाच्या आंधीपासून. चाचाचा पोरगा शाकीब कॉम्प्युटर शिकला आन एका कंपनीत लागला. थे कंपनी हेच सारं आता फोनवर सांगनार. लोकायनं मिस कॉल द्याचा, मंग तिकून फोन येते आन बाई बोलते. पैसे नाई लागत. त्यायले बाई पायजे होती, पुन्याची नाई, अठली, आपल्यावानी बोलनारी. शाकीब म्हने, मोनाली भाभी बोलते तशी, म्हनजे मी.

शेखर जेवता जेवता एवढंच बोलला, "तू फोनवर सांगशीन तं आमी कागदावर काय छापू?"

मले वाटलं गंमत करून राहिला. मी हासली. थो नाई हासला.

१३ ऑक्टोबर

आज आवाज घेतला माहा. कंपनीच्या खोलीच्या भितीले गाद्या लावल्या होत्या. आत गेलं का आपलाच आवाज आपल्याले पान्याखालून आल्यावानी वाटे. मले भेवच लागलं. चिंगीले खुर्शीदबीपासी ठेवलं होतं, म्हनजे चाचाच्या घरवालीपासी, तरी जीव तिच्यातच.

पयले आकडे वाचले. मंग गावाचे नावं, मंग "कॅरेट", "भाव", "चढला", "उतरला", सुटे सुटे. शाकीब म्हने, हे सारे तुकडे मशीन मंग जोडते, भाभी तुमाले रोज याचं कामच नाई. मंग पुरे वाक्यं. हिवायाचे, उन्हायाचे, बरसादीचे, साऱ्या सालाचे एका बैठकीत. एका दिवसात मी थंडीनं कुडकुडली बी आन उन्हानं भाजली बी.

मी इचारलं, "मॅडम, हे कवा सांगाचं लोकायले?"

"तारीख आली की आपोआप लागेल. तुम्ही फक्त वाचा. आणि जरा आपुलकीनं. वडिलांना सांगताय असं समजा."

मंग मी बाबालेच डोयासमोर आनलं. आमचा बगीचा वलगावच्या पल्याड हाय, काया जमिनीत. बाबा ओट्यावर बसून आयकून राहिले असं समजून वाचलं. दोन-तीन जागी कागदावर नसतानी "बाबा हो" बी म्हनली. मॅडम खूष झाल्या. म्हने, हेच पाहिजे, ठेवा.

शाकीबनं माह्या आवाजाचं चित्र दाखोलं कॉम्प्युटरवर. काट्याच्या कुंपनावानी दिसते.

माहं नाव तठी लावनार नाईत. सुमनताई असं लावलं. मॅडम म्हने, उद्या बाई बदलली तर? मंग सई घेतली माही.

२ नोव्हेंबर

सुरू झालं. खुर्शीदबीनं मिस कॉल देल्ला आन फोन आला. "राम राम, मी सुमनताई बोलून राहिली." खुर्शीदबी तोंडाले पदर लावून हासे. "अगे, ये तो तूच है! तू इधर, फिर अंदर कौन बैठी?"

चिंगी माह्या कडेवर होती. फोनमंदून आवाज आला तशी थे फोनकडे झेपावली. मी म्हनून राहिली, "चिंगे, मी अठी हाय ना," आन थे फोनाच्या मांगं पाहे, कोनी हाय का म्हनून.

दुपारच्यान बाबाचा फोन आला. "काय व पोट्टी. मी पयल्या शब्दातच वयखलं. 'बाबा हो' म्हनते, तवाच."

"कोनाले सांगू नका जी, बाबा."

"नाई सांगत व. मी काय बोलका मानूस हाय?"

सांजच्यान आईनं सांगतलं, बाबा नत्थुजीले घेऊन बसले होते आन चार वेळा फोन आयकोला. नत्थुजीचा बगीचा आमच्या धुऱ्याले लागून हाय. त्याले सांगतलं म्हनजे साऱ्या गावाले सांगतलं. बाबानं आजपर्यंत माही तारीफ करतानी मी कवा आयकली नाई. मले गोडच वाटलं. खोटं कायले लिवू.

२६ नोव्हेंबर

चाचाचा कागद बंद. मागच्या हप्त्यातले गठ्ठे तसेच वापस आले, यष्टीतून कोनी उतरवून बी घेतले नाईत. भाव सोमवारचा छापून बुधवारी जाये, आन सुमनताई आजचा आजच सांगते. कोन थांबन?

मी चाचाकडे गेली तं मले तोंड वर करवेना. चाचा म्हनले, "अरे तू कायले रडते? मेरा खुद का लडका गया उधर." मंग एक जुना कागद दाखोला. खालच्या अंगाले, लहान अक्षरात, छापनाऱ्याचं नाव आन पत्ता.

"ये देख. पंचवीस साल हर कागद पे नाव डाला. एक बार गंधकाचं माप चुकलं. लोकं आले, मायबाप काढले माहे, अठी खुर्चीवर बसून चहा पेले आन शिव्या देल्ल्या. पुढच्या हप्त्यात पयल्या रकान्यात छापलं, चूक दुरुस्ती. तुम्हारे फोन का नीचे का हिस्सा किधर है?"

मले समजलं नाई. फोनाले खालचा भाग कुठून येईन.

शेखर आता लग्नपत्रिका कापाच्या कामावर हाय, दुसऱ्याच्या दुकानात. घरी आला का फोन उलटा ठेवते.

२० डिसेंबर

आईचा फोन. "तू सांगतलं म्हनून बाबानं मोटर लावली."

मी म्हनलं, मी कवा सांगतलं? मी सकायपासून गोधड्या धुवून राहिली.

"फोनवर सांगतलं ना. बाबा हो, झाडायले लय तहान लागली, तान तोडा, पानी सोडा म्हने. नत्थुजीनं बी सोडलं. साऱ्यायनं सोडलं."

हो, हे मी वाचलं होतं. आंबिया बहाराच्या आंधी संत्र्याचं पानी तोडतात, झाडं पार मलूल करतात, मंग पानी सोडलं का फूल धरते. त्यालेच तान म्हनतात. लहानपनी मले लय वाईट वाटे, झाडं पाह्यलं का. मी चोरून लोट्यानं पानी टाके. बाबा मारे नाईत, हातातला लोटा घेऊन तुयशीले वतत.

बरं झालं, सुटली तहान त्यायची.

६ जानेवारी २०१३

वलगावले जाऊन आली. बगीचा असा हिरवागार झाला का काय सांगू. कवयी पानं, लसलस करून राहिले. चिंगीले झाडाखाली सोडलं, तिनं मूठभर पानं तोडले. मी बाबाले म्हनलं, "पाहा बरं, सुमनताईचं आयकलं तं कसे झाडं फुटले."

बाबा फांदीचा शेंडा हातात धरून उभे होते. म्हने, "मी आखीन थांबनार होतो. संक्रांतीपर्यंत. मंग म्हनलं, तू सांगते तं काही पाहूनच सांगत असशीन."

आईनं माह्या ताटात भाकर वाढली आन चुलीकडं तोंड करून बसली. तिचं डोकं दुखत असन.

खुशालरावचा बगीचा रस्त्याच्या पल्याड, आमच्यावानीच काया जमिनीत. त्यायचे झाडं अजून वायलेलेच, पाह्यवत नाई. खुशालराव पार बहिरे हायत, फोन आयकू येत नाई. मले कीव आली त्यायची.

११ फेब्रुवारी

फूल नाई.

आमच्या अख्ख्या बगीच्यात फूल नाई. कुठं एखाद्या फांदीले चार-दोन. नुसता पाला. नत्थुजीकडं तेच. आन खुशालरावकडं पांढरं धोप, वारा सुटला का वास आमच्या ओट्यावर येते. आई दार लावून घेते म्हने.

म्हनजे जानेवारीत थे जे हिरवं दिसलं थे चांगलं नव्हतं. मी त्याचं कवतिक केलं बाबासमोर. बाबाले तवाच समजलं असन. त्यायनं मले काहून नाई सांगतलं?

१४ फेब्रुवारी

शाकीब घरी आला होता. मी त्याले धरूनच ठेवलं. मी म्हनलं, मले पक्कं याद हाय, पानी सोडाचे वाक्यं दोन होते. एक मुरमाड जमिनीचं, एक काया जमिनीचं. दोन्ही मी वाचले.

शाकीब खाली पाहून बोलला, "हो भाभी. पयले बटन होतं. मुरमाडवाल्यानं एक दाबा, कायीवाल्यानं दोन दाबा. लोकं बटनापासीच फोन ठेवून देत. वरून सांगतलं का बटन काढा, एकच ठेवा, साऱ्यायले एकच पाठवा. मुरमाडचं पयलं होतं, थे लागलं."

"तू होता ना तठी!"

"मी आवाज कापतो भाभी. मले जमिनीतलं काय समजते?"

मुरमाड जमीन लवकर सुकते. काया जमिनीत वल राह्यते, तिले जास्त दिवस तान लागते. हे बाबाले लहानपनापासून माईत. तरी पानी सोडलं. आन मी थे वाक्य त्यायलेच डोयासमोर आनून बोलली होती. मॅडमनं सांगतलं तसंच.

दारावर कोनी आलं का चिंगीले उचलून आत पयते मी. उद्या वलगावचे लोकं आले तं काय सांगू? माहं घर कोनते थे बाबाच सांगतीन त्यायले. त्यायनंच तं गावभर सांगतलं, माही पोट्टी हाय थे.

१९ मार्च

आकोल्याले जाऊन आली. अमरावतीची खोली कंपनीनं सोडली, गाद्या-बिद्या घेऊन गेले. आता ऑफिस आकोल्याले.

यष्टीत मूर्तिजापूरच्या पुढं माह्या बाजूले एक काका बसले, टोपीवाले. त्यायनं फोन काढला आन मिस कॉल देल्ला. मंग मोठ्या आवाजात मीच. "राम राम, मी सुमनताई बोलून राहिली." चिंगी मांडीवरून उठून सरळ त्यायच्या खांद्याले लोंबकयली. मी तिले वढे, थे रडे. मी म्हनलं, "काका, थे नका आयकू जी, थे सारं खरं नसते."

काकानं माह्याकडं असं पाह्यलं. म्हने, "गप राह्य व बाई, सुमनताई बोलून राहिली. आयकू दे."

मी चिंगीले खिडकीकडं धरलं. काय करीन?

ऑफिसात गयात पट्टा घातलेला एक साहेब होता. पयले तं बसा बी नाई म्हनला. मी सांगतलं, थे पानी सोडाचं वाक्य काढा, काया जमिनीवाल्याईचं नुसकान झालं. थो म्हने, तुमी कोन?

"मी सुमनताई."

मांगं दोघं-तिघं बसले होते, थे हासले. साहेब म्हने, "बरं, मग बोलून दाखवा."

मले बोलताच नाई आलं. "राम राम" बी अर्धंच निंघालं, फाटक्या कापडावानी. साहेबानं फोनवर लावून पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. म्हने, जुळत नाही हो. मंग म्हने, आन जुळला तरी आवाज कंपनीचा हाय, तुमी सई केली असन, आन काय लावाचं काय काढाचं हे अठून होत नाई.

"मंग कुठून होते?"

त्यानं वर बोट दाखोलं. वरच्या मजल्यावर जाऊन पाह्यलं मी. तठी शिवनक्लास हाय.

२ मे

बाबा माह्याशी बोलत नाईत असं नाई. चिंगी कशी हाय इचारतात, फोन आईले देतात. लोकायनं बी काही केलं नाई. मी नुसती दाराच्या कडीकडं पाहत राहिली. नत्थुजी म्हने, यंदा आभाळ लय होतं, त्यानं फूल मारलं. लोकायले सुमनताईचा राग नाईच. थे भाव बरोबर सांगते, गारपीट सांगतली थे बरोबर आली, मंग पान्याचंच काहून चुकीन?

आई म्हने, बाबा रोज सकायी आयकतात.

"काहून?"

"मले काय माईत व. तुहा आवाज असते म्हनून असन."

१८ ऑक्टोबर

लय दिवसानं लिवून राहिली. चिंगीचा ताप, शेखरचं काम सुटलं, पुन्हा लागलं. चिंगी आता बोलते. फोनाले "आई" म्हनते, मले बी "आई" म्हनते.

शाकीबचं काम गेलं. आता आवाज कापाले मानूस लागत नाई. चाचाच्या ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मी इचारलं, थे वाक्य काढलं का रे जातानी?

"मले तठी हात लावता येत नव्हता भाभी. तारखा लावून ठेवल्या हायत. तारीख आली का लागते. पुढच्या साली बी लागन, त्याच्या पुढच्या साली बी."

"मी मेली तरी?"

खुर्शीदबी आतून वरडली, "मुँह में क्या आता है तेरे! बच्ची गोद में है!"

शाकीब ओट्यावरून उतरून चालला गेला.

वीस डिसेंबर पुन्हा येनार.

२४ नोव्हेंबर

चाचापासी एक जुनी पायानं चालवाची मशीन उरली हाय, बाकी भंगारात गेलं. मी म्हनलं, चाचा, चूक दुरुस्ती छापा. तुमी छापत होते तशी.

चाचा म्हने, "बोल, क्या लिखूं."

मी बोलली, त्यायनं अक्षराचे खिळे जुळोले. फोनवर सुमनताई म्हणून जो आवाज येतो तो माझा आहे. पाणी सोडा असं त्या आवाजात सांगतात ते मुरमाड जमिनीसाठी आहे. काळ्या जमिनीवाल्यांनी ते ऐकू नये.

"और नीचे किसका नाव?"

शेखर दारात उभा होता. म्हने, "तिचं नाई टाकाचं. आतापर्यंत कोनी आलं नाई तं आता पत्ता देऊन बलावता काय? घरात लहान लेकरू हाय. तुमचं टाका, चाचा."

"मेरा आवाज नहीं है वो. बिनानावाचा कागद म्हनजे पोट्ट्यायनं पतंग कराचा कागद."

मले भेव लागत होतं. पन मी सांगतलं, टाका. मोनाली शेखर भुयार, छापखान्यामागं, अमरावती. नवऱ्याचं नाव बी तोंडानं निंघालं, त्याच्याच समोर. शेखर मशीनपासी आला, चाचाले म्हने, सरका, तुमच्या गुडघ्यानं होनार नाई. आन त्यानंच पाय मारला.

८ डिसेंबर

शेखर सायकलवर कागद वाटून आला. वलगाव, त्याच्या अल्याड-पल्याडचे गावं, नांदगावच्या बाजारात बी. मी इचारलं, काय म्हनले लोकं?

त्यानं पयले पानी पेलं. "नांदगावात इचारलं, हे मोनाली कोन? मी म्हनलं, थेच सुमनताई. तं म्हने, सुमनताईच्या इरुद्ध दुसऱ्या कंपनीनं काढलं असन हे. सुमनताई तं फोनवर हाय, हे बाई कागदावर कुठून आली? वाचला तं वाचला, मंग त्याच्यात भजे बांधले."

"आन वलगावात? तठी तं साऱ्यायले माईत हाय मी कोन."

"नत्थुजीनं पुरा वाचला. म्हने, फोनवर म्हनते सोडा, कागदावर म्हनते नका सोडू. तुह्या बायकोले सांग, पयले घरी बसून एक ठरवा, मंग आमाले सांगा."

थो हासला सांगतानी. लय दिवसानं हासला, पन मले नाई हासू आलं.

"आन बाबा?"

"त्यायनं कागद घडी करून टोपीत ठेवला."

२० डिसेंबर

कालच वलगावले येऊन राहिली चिंगीले घेऊन. शेखर म्हने, जाय, तठीच राह्य त्या दिवशी.

सकायी बाबा ओट्यावर बसले, फोन मांडीवर. लाइन आली होती. आई चुलीपासी. मी बाबाच्या समोर, खाली. बाबानं मिस कॉल देल्ला तसा फोन वाजला. बाबानं मोठ्यानं लावला.

"राम राम, मी सुमनताई बोलून राहिली. बाबा हो, झाडायले लय तहान लागली. आता तान तोडा. पानी सोडा."

आवाज असा गोड, असा मायेचा. माह्या आत्ताच्या आवाजापेक्षा चांगला. आयकनाऱ्याले वाटनच का हिले सारं माईत हाय.

बाबानं फोनाकडं पाह्यलं, मंग माह्या तोंडाकडं. "दोघी दोन सांगून राहिल्या."

"माहं आयका, बाबा. नका सोडू आज."

"बरं. मंग कवा सोडू?"

काया जमिनीचं वाक्य बी मीच वाचलं होतं, त्याच खोलीत, त्याच दिवशी. त्याच्यात कवा सोडाचं थे होतं. मले एक शब्द आठवेना.

"मले नाई माईत, बाबा. मी नुसतं वाचलं होतं. समोर कागद ठेवला आन मी वाचला."

बाबानं टोपी काढली, पुन्हा घातली. म्हने, "मले वाटलं तू शिकली. मले वाटलं, एवढ्या लोकायले सांगते तं हिले काही दिसत असन, मले दिसत नाई थे."

तेवढ्यात नत्थुजीची मोटर सुरू झाली. मंग ओढ्याकडची. मंग तिच्या पुढची. चारी बाजूनं मोटरी सुरू झाल्या, एकीत एक आवाज मिसयला, पाटानं पानी सुटलं. मी कानावर हात ठेवले. चिंगी माह्याकडं पाहून तसेच हात ठेवून राहिली.

बाबा उठले. मले वाटलं मोटरीच्या खटक्याकडं चालले. पन थे पयल्या झाडापासी गेले. एक पान तोडलं, मुठीत चुरगयलं, किती वायलं थे आयकाले मूठ कानापासी नेली. लहानपनी मी पाह्यलं हाय, असंच करत आन आईले म्हनत, अजून आठ दिवस, का मंग, उद्या सोडू. एका घडीत सांगत. आज लय वेळ उभे राहिले. दुसरं पान तोडलं. तिसरं तोडलं.

वापस आले तं हातात चुरा होता. म्हने, "पयले समजे व मोनाली. आता हातालेच समजत नाई. सुमनताई आल्यापासून पाह्यलंच नाई ना मी."

आई चुलीपासून उठून दारात आली होती.

मंग बाबानं रस्त्याच्या पल्याड पाह्यलं, खुशालरावच्या बगीच्याकडं. तठी मोटर बंदच होती. झाडं वायलेले, मलूल, मागच्या सालावानीच. खुशालराव धुऱ्यावर आंगावर घोंगडं घेऊन बसले होते, पाठमोरे, एवढ्या मोटरीचा आवाज चालला तरी त्यायले काहीच नाई.

"माहे कान आता पयल्यासारखे नाई राहिले," बाबा म्हने. "तू राह्य अठी संक्रांतीपर्यंत. खुशालरावची मोटर आयकू आली का मले सांग."

मी शेखरले कयवलं का राहून राहिली म्हनून. बाबानं फोन आईच्या पेटीत ठेवून देल्ला. मी ओट्यावर बसली हाय, चिंगी मांडीवर झोपली. साऱ्याईच्या मोटरी चालून राहिल्या, आन मी त्याच्यात थे एक मोटर आयकून राहिली जे अजून सुरू झाली नाई.